कागद आणि पुठ्ठ्याची युद्धनौका: सांगाड्यापासून रेलिंगपर्यंत

कागदी युद्धनौका बिघडते ती पहिल्या चार दिवसांत, पुठ्ठ्याचा सांगाडा उभा राहतो तेव्हा. बिघडलेली दिसते मात्र महिनाभराने, डोलकाठी आणि तोफा चढल्यावर. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, एका अंगाला कललेली, डेकच्या मधोमध फुगवटा, आणि बाजूंना दुष्काळातल्या बैलासारख्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आलेल्या. तोवर उकलून दुरुस्त करायची सोय राहिलेली नसते. म्हणून इथे कागद, गोंद आणि सांगाडा यांवर जास्त लिहिले आहे, बारीकसारीक सजावटीवर बेताचे.

पहिली नौका कोणती घ्यावी

जर्मनीत कागदी जहाजांचे रूढ प्रमाण १:२५०, पोलंडमध्ये १:२००. १:४०० मध्येही छापून कापायचे बरेच आराखडे मिळतात. हिशोब सोपा आहे: खऱ्या जहाजाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या आणि प्रमाणाने भागा. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली विक्रांत २६२ मीटर लांब आहे. १:२५० मध्ये ती १०५ सेंमी होते, म्हणजे एका सपाट तळासाठी तीन-चार पुठ्ठे जोडावे लागतात आणि प्रत्येक जोड वाकायला टपलेला असतो. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निर्घात, निपात आणि वीर या विद्युत वर्गातल्या क्षेपणास्त्र नौका नवख्यासाठी उत्तम. सोव्हिएत ओसा बनावटीची ही नौका ३८.६ मीटर लांब आणि साधारण ७.६ मीटर रुंद. १:१०० मध्ये ती ३८.६ सेंमी बाय ७.६ सेंमी होते. ए-थ्री कागद ४२ सेंमी लांब असतो, म्हणजे तळ, कणा आणि डेक तिन्ही एकसंध कापता येतात. वर चार क्षेपणास्त्र-पेट्या, पुढे एक आणि मागे एक जोडनळी तोफ, मध्ये ठाण्याची खोली (जिथून नौका चालवतात ती) आणि एक डोलकाठी. कामे मोजकीच, पण पेटी, नळी, घुमट, जाळी असा प्रत्येक प्रकार एकदा हाताखालून जातो. दुसरी नौका म्हणून ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडालेली खुकरी घ्यावी: ९४.५ मीटर लांब, १:२५० मध्ये ३७.८ सेंमी. तीही ए-थ्रीवर मावते.

जहाज पाण्याच्या रेषेपर्यंतच बांधावे. खालचे गोल पोट हा वेगळा अभ्यास आहे. त्यात पट्ट्या दोन्ही बाजूंना वळतात आणि पहिल्या प्रयत्नात हमखास चुरगळतात.

कागद, छपाई आणि कूलर

नौकेच्या दिसणाऱ्या भागांसाठी १६० ते १७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), चकाकी नसलेला कागद लागतो. त्याची जाडी जवळपास ०.२ मि.मी. भरते. ५ मि.मी.पेक्षा लहान भाग मात्र ८० ते १०० जीएसएमवर छापावेत. जाड कागद तेवढ्या लहान वळणात मोडतो. लग्नपत्रिकेचे गुळगुळीत आर्ट कार्ड मोहात पाडते. त्याच्यावरचा लेप घडीवर तडकतो आणि खालचा पांढरा कागद डोकावतो, म्हणून ते टाळावे.

छपाईच्या दुकानात दोन गोष्टी ठासून सांगायच्या. एक, पान ‘फिट’ करायचे नाही, ‘अ‍ॅक्चुअल साइज’ म्हणजे शंभर टक्क्यांवर छापायचे. फिट केलेले पान तीन-चार टक्क्यांनी आक्रसते. नौका लहान झाली एवढ्यावर ते थांबत नाही, सगळ्या खाचाही अरुंद होतात आणि पुठ्ठा त्यांत जात नाही. दुकानातून निघण्यापूर्वी पानावरची १०० मि.मी.ची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजावी. दुसरी गोष्ट, सगळी पाने एकाच यंत्रावर एकाच बसणीत छापून घ्यावीत. आज अर्धी आणि परवा अर्धी छापली की करड्या रंगाच्या दोन छटा येतात आणि डावी-उजवी बाजू सवतीसारखी वेगळी दिसते. लेझरची छपाई पाण्याने पसरत नाही, पण तिचा टोनर घडीवर सोलतो. इंकजेटचा रंग घडीवर टिकतो, ओल्या बोटाने मात्र लगेच पसरतो. दोन्हींवर कापण्याआधीच मॅट स्प्रेचे दोन पातळ हात मारले की बरीच डोकेदुखी वाचते.

आता मराठवाड्यातल्या हवेकडे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत ओल जवळपास नसते. कागदकामाला ही हवा खरे तर चांगली. गोंद झटपट धरतो, पुठ्ठा कडक राहतो. घात करतो तो कूलर. कागद ओल खाऊन फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला उभ्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. ए-थ्रीच्या आडव्या अंगाला अर्धा-एक मि.मी. फरक सहज पडतो. दुपारी कूलरसमोर ओल प्यालेला डेक कोरड्या सांगाड्यावर चिकटवला तर रात्री कूलर बंद झाल्यावर तो आक्रसतो आणि अख्खे जहाज धनुष्यासारखे वाकवतो. उपाय दोन: कूलरची पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा, किंवा मोठ्या भागांची चिकटवणी पहाटे पाच ते आठमध्ये उरकायची. छापलेली पाने कामाच्या खोलीत एक दिवस उघडी पसरून ठेवावीत, मगच कापायला घ्यावीत. श्रावणात हेच उलटे होते. तेव्हा पाने बंद ट्रंकेत ठेवून लागतील तेवढीच बाहेर काढावीत.

तंतूंची दिशा ओळखायला कागदाची चौकोनी चकती किंचित ओली करावी. ती ज्या अक्षाभोवती गुंडाळते, तीच तंतूंची दिशा. धुराडे, पेट्यांचे गोल छत, तोफेची नळी या सगळ्यांत तंतू नळीच्या लांबीला समांतर हवेत. उलटे झाले तर नळी गोल न होता पैलू पाडल्यासारखी दिसते.

हत्यारे

सर्जिकल सामानाच्या दुकानातून तीन नंबरचा दांडा आणि अकरा नंबरची पाती आणावीत. या कामाला याहून स्वस्त आणि धारदार काही मिळत नाही. पुठ्ठ्यासाठी मात्र तुकडे मोडता येणारा कटर लागतो, कारण सर्जिकल पाते पुठ्ठ्यात वाकते आणि टोक उडते. बाकी सामान असे: ३० सेंमीची स्टीलची पट्टी, ए-थ्री कटिंग मॅट, टोकदार चिमटा, शाई संपलेली रिफील (घडीची रेघ दाबायला), २२० आणि ३२० नंबरचा पॉलिशपेपर, सुई बोथट केलेली इंजेक्शनची सिरिंज (गोंदासाठी) आणि काचेच्या दुकानातून कडा घासून आणलेली ५० बाय २० सेंमीची जाड काच. सपाटपणाचा निवाडा ही काचच करते. टेबलावर भरवसा ठेवू नये. कापलेले भाग परातीत ठेवावेत. छताचा पंखा चालू असताना ३ मि.मी.चा भाग कुठल्या कुठे जातो, आणि उंच काठाची परात त्याला अडवते.

कोणता गोंद कुठे

कागदी कामातल्या निम्म्या चुका गोंदाच्या असतात. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये पाणी असते. लहान जोडाला तो उत्तम, पण हातभर पुठ्ठ्यावर फासला की कागद भिजून फुगतो आणि वाळताना ताणतो. म्हणून छापील कागद पुठ्ठ्यावर चढवायला फेव्हिबाँडसारखा रबरी गोंद वापरावा. दोन्ही पृष्ठांवर पातळ हात द्यावा, बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतपत वाळू द्यावा, आणि एका टोकाकडून लाटण्याने दाबत न्यावे. तो एकदा बसला की सरकत नाही, तेव्हा आधी कोपरा जुळवून मगच पुढे जावे. खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ स्टोव्ह-उदबत्ती नको.

पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चढवला तर तो त्या बाजूला वाकतो. मागच्या बाजूलाही त्याच जाडीचा कोरा कागद, तंतूंची दिशा तीच ठेवून, चिकटवावा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. मग तो काचेखाली ठेवून वर रात्रभर वजन ठेवायचे. चार विटा वर्तमानपत्रात गुंडाळल्या की पुरे.

फेव्हिक्विक तारेसाठी, दोऱ्यासाठी आणि टोकदार नाळेची कड कडक करण्यासाठी. छापील भागावर त्याचा थेंब पडला की तेलकट काळा डाग पडतो, आणि तो निघत नाही. सुती दोरा किंवा कापूस त्याने जास्त भिजला तर तापतो, क्वचित चटकाही बसतो. सुईच्या टोकावर येईल तेवढाच घ्यावा.

घरची कणकेची खळ कसर आणि झुरळांना निमंत्रण असते. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते त्यासाठीच. इथे खळीची गरजच नाही.

सांगाडा

तळाची पाटी, मधला उभा कणा आणि आडव्या बरगड्या, तिघांनाही अर्ध्यापर्यंत खाचा, एकमेकांत बसणाऱ्या. बहुतेक आराखड्यांत या भागांवर १ मि.मी. पुठ्ठा असे लिहिलेले असते. बाइंडिंगचा करडा पुठ्ठा १ मि.मी. म्हणून विकला जातो, पण तो तेवढाच भरेल याची खात्री नाही. व्हर्नियर नसला तरी दहा तुकडे एकावर एक ठेवून मोजावेत. थप्पी १० मि.मी. भरली तर ठीक. साडेअकरा भरली तर प्रत्येक खाच दोन्ही अंगांनी पॉलिशपेपरने हलकेच रुंद करावी. घट्ट खाचेत ठोकून बसवलेली एकेक बरगडी कण्याला केसभर रेटते, आणि दहाव्या बरगडीपर्यंत कणा केळ्यासारखा होतो. खाच सैल झाली तरी चालते, गोंद ती भरून काढतो. घट्ट खाच मात्र पुढे महागात पडते.

कापताना आधी खाचा आणि आतली भोके, शेवटी बाहेरची रेघ. भाग पानात धरलेला असेपर्यंत पाते सरकत नाही. एका दमात दाबून कापू नये; पाच-सहा हलके फेरे मारावेत आणि पाते सरळ उभे धरावे. ते कललेले असले की पुठ्ठ्याची खालची कड वरच्यापेक्षा बाहेर येते, बरगडी एका बाजूने मोठी होते आणि पुढे पट्टीखाली टेंगूळ दिसते. कापाची कड फाटकी दिसू लागली की टोक मोडून नवे घ्यावे. पात्यात काटकसर करणाऱ्याला पुठ्ठा वाया घालवावा लागतो.

जुळवणी आधी गोंदाशिवाय. सगळे बसवून काचेवर ठेवावे आणि चारही कोपऱ्यांवर एकेक बोट दाबावे. कुठे डुगडुगले तर तिथली खाच खोल करावी. मग कण्याच्या टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून नाळेकडून डोळा लावून बघावे. दोरा आणि कणा एक दिसले तरच गोंद घ्यायचा. आधी कणा तळपाटीवर, मग मधली बरगडी, तिथून पुढे-मागे आळीपाळीने. प्रत्येक बरगडीला काटकोन तपासायचा. दाढीच्या ब्लेडच्या जुन्या डबीचा कोपरा यासाठी चांगला. काचेला सांगाडा चिकटू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकची पिशवी पसरावी. वर वजन ठेवून बारा तास त्याला हात लावू नये.

वाळल्यावर साध्या कागदाची एक सेंटिमीटर रुंद पट्टी बरगड्यांवरून लांबीने फिरवावी. ती कुठे उचलली गेली तर ती बरगडी घासायची, कुठे पोकळ पडली तर त्या बरगडीच्या काठावर कागदाची चिंधी चढवायची. नाळेजवळच्या दोन-तीन बरगड्यांचे काठ तिरपे घासावे लागतात, कारण तिथे बाजू सरळ न येता निमुळती येते. पॉलिशपेपर लाकडी पट्टीला चिकटवून वापरावा. नुसत्या बोटाने घासले की पुठ्ठा खळग्यासारखा खातो.

डेक आणि बाजू

डेक रबरी गोंदानेच, आणि मधल्या रेषेवरून दोन्हीकडे दाबत. तो बरगड्यांच्या बाहेर केसभरही येता कामा नये. आलाच तर बाजूच्या पट्ट्या लावण्याआधी घासून काढावा.

बाजूंची कसोटी छापील कागदावर घेऊ नये. त्या पानाची साधी झेरॉक्स काढून, तीच कापून आधी लावून पाहावी. लांबी जास्त, कमी, नाळेचा कोन चुकीचा, सगळे तिथेच कळते. खरी पट्टी लावण्यापूर्वी नाळेकडचा भाग तळहातावर ठेवून पेनाच्या गोल दांड्याने हलके लाटावा आणि वळण आधीच आणावे. गोंदाच्या जोरावर वळवलेला कागद पुन्हा सुटायला बघतो.

सुरुवात नाळेकडून, कारण तिथला जोड सगळ्यांत आधी नजरेत भरतो. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच चिकटवावे, डावीकडे एवढे मग उजवीकडे तेवढे. एक बाजू पूर्ण लावून मग दुसरी घेतली तर पहिलीची ओढ सांगाडा पिळते. गोंद फक्त वरच्या आणि खालच्या काठाला लावायचा, बरगड्यांच्या काठांना अजिबात नाही. पाण्याचा गोंद बरगडीवर वाळताना कागद आत ओढतो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या बैलाच्या बरगड्या इथूनच येतात. आराखड्यात नसला तरी ८० जीएसएमच्या कोऱ्या कागदाचा एक थर आधी चढवून मग छापील पट्टी लावली, तर उरलीसुरली खोच लपते. त्यासाठी बरगड्या तेवढ्या कमी घासलेल्या नकोत, जास्त घासलेल्या हव्यात.

पिछाडीला पट्टी एक मि.मी. वाढली तर कापावी. कमी पडली तर ओढू नये, ओढलेली पट्टी नाळेचा जोड उघडते. त्याच रंगाची चिंधी आतून लावून फट भरावी.

प्रत्येक कापलेल्या काठाला चिकटवण्याआधी रंग द्यावा. हे टाळण्याजोगे काम वाटते, पण पांढरे काठ राहिलेली नौका कितीही नेमकी असली तरी खेळणेच दिसते. करडा पोस्टर कलर जवळपास कोरड्या ब्रशने, पानाच्या मागच्या बाजूकडून लावावा. काळा स्केचपेन वापरू नये. काठ काळे झाले की प्रत्येक पेटी चौकटीत काढल्यासारखी वाटते.

वरचे बांधकाम

ठाण्याची खोली म्हणजे घडीची पेटी. घडी दाबायची ती रिफिलीने, पात्याने अर्धे चिरून नव्हे. आत जाणारी घडी मागून दाबावी लागते. तिची दोन टोके टाचणीने टोचून मागे उमटवली की रेघ जुळते. पेटीचे चिकटवायचे कान कापून टाकावेत आणि आतून स्वतंत्र पट्टी लावून काठाला काठ भिडवावा. कान ठेवले की जोडापाशी ०.२ मि.मी.ची पायरी उरते, आणि १:१०० मध्ये ती खऱ्या जहाजावरच्या दोन सेंटिमीटरच्या पायरीएवढी असते.

चार क्षेपणास्त्र-पेट्या एकाच साच्यावर वळवाव्यात. लाकडाचा किंवा थर्माकोलचा एक तुकडा पेटीच्या आतल्या आकाराचा घासून घ्यायचा आणि चारही छपरे त्यावरच गुंडाळायची, म्हणजे भावंडे एका तोंडावळ्याची होतात. पेट्या डेकवर सपाट बसत नाहीत, पुढच्या तोंडाने किंचित वर उचललेल्या असतात. खालचे पाचर-आकाराचे पाय उलटे लागले तर ही उंची मागे जाते. चिकटवण्याआधी पायांवर पेन्सिलीने पुढचे-मागचे लिहून ठेवावे.

तोफेचा अंडाकृती घुमट कागदाच्या आठ पाकळ्यांतून येतो. पाकळ्या तळहाताच्या खळग्यात ठेवून गोल टोकाच्या विणकामाच्या सुईने फिरवत दाबाव्यात, मग एकाआड एक पाकळी आतल्या गोल चकतीला चिकटवावी. नळ्यांसाठी ०.५ मि.मी. तार पुरते. मोठ्या जहाजांच्या निमुळत्या तोफांसाठी तिकोनी कापलेला पातळ कागद सुईवर गुंडाळायचा. रुंद बाजू आधी, टोक शेवटी.

डोलकाठीला खराट्याचा हीर घ्यावा. तो नारळाच्या पानातूनच निमुळता येतो, सरळ असतो आणि उन्हाळ्यात वाकत नाही. उदबत्तीची काडी दुसऱ्या पसंतीची, तिला जाडी एकसारखी असते. रडारची जाळी छापील कागदातून कापता येत असली तर कापावी; नाही तर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा फेव्हिक्विकने कडक करून वापरावा.

रेलिंग

खरे रेलिंग साधारण एक मीटर उंच असते, म्हणजे १:१०० मध्ये १० मि.मी. आणि १:२५० मध्ये अवघे ४. काचेखाली रेलिंगचा आराखडा ठेवून काचेवर दुहेरी चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या लावाव्यात. आडव्या तीन रेघा दोऱ्याच्या ताणायच्या, त्यावर उभे खांब बारीक तारेचे, आणि प्रत्येक छेदावर सुईच्या टोकाने फेव्हिक्विक. सुती दोऱ्याला रुवे असतात आणि रंग दिल्यावर ते जहाजावर बुरशी आल्यासारखे दिसतात. मेणबत्तीवरून ओढून घेतला तरी पूर्ण जात नाहीत. पैठणी विणणाऱ्यांकडे उरणारा रेशमाचा एकेरी तंतू याला फार सरस. तो गुळगुळीत असतो आणि ताणलेला राहतो.

रेलिंग शेवटून दुसरे लावायचे आणि डोलकाठीला बांधायचे दोऱ्यांचे ताण सर्वांत शेवटी. आधी लावले तर बाहीत अडकून तुटतेच.

वार्निश, समुद्र आणि धूळ

मॅट स्प्रे सकाळी सात ते नऊमध्ये, ३० सेंमीवरून, पातळ हातांनी. मेच्या दुपारी फवारा हवेतच वाळतो आणि जहाजावर पिठी सांडल्यासारखा खरखरीत बसतो. पावसाळी दमट दिवशी तो दुधाळ होतो.

समुद्रासाठी दौलताबादहून वेरूळकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्याचा हातकागद कामी येतो. जाडी असमान असल्याने जहाजाच्या भागांना तो निरुपयोगी, पण ओला करून चुरगळला आणि पाटीवर पसरून वाळवला की लाटा आपोआप उठतात. कागद पूर्ण वाळल्यावर, दोन दिवसांनी, त्यावर नौका ठेवावी. ओल्या पाटीवर ठेवलेला तळ ओल पितो. नाळेपाशी आणि मागच्या फेसासाठी पांढरा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने.

काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात बंद खिडकीतूनही येते. नौका काचेच्या पेटीत ठेवावी आणि पेटीला मागे खाली दोन बारीक भोके ठेवून त्यावर मलमलीचा तुकडा चिकटवावा, म्हणजे फेव्हिक्विकची वाफ आत कोंडून काचेवर पांढरी साय धरत नाही. पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. इंकजेटचा करडा रंग तिथे दोन उन्हाळ्यांत गुलाबीकडे झुकतो. पेटी नसलेल्या नौकेची धूळ कोरड्या मऊ ब्रशने, नाळेकडून पिछाडीकडे झटकावी. उलट झटकले की रेलिंगचे खांब ब्रशमध्ये निघून येतात.